डावीकडे सरकलेला मॉनिटर

माझ्या थोरल्या भावाला शाळेची पोरं बसकाका म्हणतात, पोरांचे आईबापही तेच म्हणतात. बावीस वर्षं तो शाळेची बस चालवतोय आणि बसला कधी साधा ओरखडा नाही. याचा त्याला भारी तोरा. वहिनीच्या हातून वाटी सांडली, तरी हा आपली बावीस वर्षं ऐकवणार.

रिकाम्या दुपारी तो कॉम्प्युटरवर गाड्यांच्या शर्यती खेळतो. मी मॉनिटरच्या दुकानात जोडणीचं काम करतो, त्यामुळे त्याचा गेमिंग मॉनिटर मीच बसवला. बत्तीस इंची, किंचित आत वळलेला पडदा. वर-खाली सरकणारा, मागे-पुढे कलणारा, दोन्ही बाजूंना थोडाथोडा फिरणारा. बरोबर त्याच्या डोळ्यांसमोर आणून दिला होता.

परवा महिन्याभरातला तिसरा फोन आला. "तुझा स्टँड भिकार आहे. डावीकडे पुरता वळतच नाही."

"दादा, मॉनिटर आहे तो, घुबडाची मान नव्हे," मी म्हटलं. पण गेलो.

पडदा डावीकडे फिरून अडला होता. तेवढ्यावर भागेना म्हणून दादाने अख्खा मॉनिटरच ओढत नेला होता. लोखंडी पायाची एक टांग टेबलाबाहेर लोंबत होती. टेबलावर पायाच्या जुन्या खुणा उमटल्या होत्या, प्रत्येक आधीच्या खुणेपेक्षा डावीकडे. खुर्ची मात्र जागच्या जागी. मी स्टँड चारदा फिरवून पाहिला. त्यात काही बिघाड नव्हता.

मी मॉनिटर मधोमध आणला, पडदा सरळ केला. "आता खेळ बघू."

उजवीकडून ट्रक आला. चांगला मोठा, पिवळाधमक. दादाने ब्रेक दाबलाच नाही.

"हा कुठून उपटला?" तो चिडून म्हणाला.

मी हळूच त्याच्या उजव्या बाजूला सरकलो आणि हात हलवत राहिलो. तो समोर बघत म्हणाला, "कुठे गेलास रे?"

"कधीपासून, दादा?"

त्याने मान वळवून मला पाहिलं. मग म्हणाला, "मान वळवली की दिसतं. सहा महिने झाले असतील."

सहा महिने! मला त्याचा संताप आला, आणि संतापाहून जास्त भीती वाटली. बसमधून उतरलेली पोरं बसच्याच पुढून पळतात. त्यांत माझी मुलगी असते.

पावणेदोन वाजले तसा दादा बस काढायला उठला. मी खिळ्यावरची बसची किल्ली आधीच खिशात टाकली आणि त्याच्यासमोर शाळेत फोन लावला. "आज दुसरा ड्रायव्हर पाठवा. दादाला उजवीकडचं दिसत नाही."

दादा मला शिव्या घालेल असं वाटलं होतं. तो मटकन खुर्चीत बसला.

"तुझ्या वहिनीला एवढ्यात सांगू नकोस," तो म्हणाला.

वहिनी त्याच्या उजव्या हाताला, दोन पावलांवर उभी होती.