वाळू की बर्फ

माझ्या सासऱ्यांना सगळी गल्ली उस्ताद म्हणते. उमेदीची वर्षं त्यांनी सैन्यात ट्रक चालवण्यात आणि दुरुस्त करण्यात घालवली. नंतर घराखालच्या गॅरेजमध्ये अर्ध्या गावाच्या गाड्या मार्गी लावल्या. गाडी गल्लीत शिरली, की नुसत्या आवाजावरून सांगतील, क्लच गेलाय. मिक्सरचं निदानसुद्धा कान लावूनच. बोलणं मात्र इतकं तोलूनमापून, की त्यांच्याकडून काही ऐकायचं असेल तर चहा घेऊन बसावं आणि धीर धरावा. लग्न होऊन मी या घरात आले, तेव्हा पहिल्या आठवड्यात ते माझ्याशी एकच वाक्य बोलले होते, "पोरी, तुझ्या स्कूटरच्या मागच्या चाकात हवा कमी आहे." मला ते तेव्हाच आवडले.

अशा माणसाकडून आम्ही गाडीची किल्ली काढून घेतली. घेतली माझ्या नवऱ्याने, पण सुरुवात सासूबाईंनी केली.

सासूबाई जन्मभर नर्स होत्या. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी ड्रेसिंगची पांढरी चिकटपट्टी अजून त्यांच्या खिशात असते. चष्म्याची दांडी मोडली, लाव पट्टी. रिमोटचं झाकण सैल झालं, लाव पट्टी. आणि प्रत्येक पट्टीचं एक टोक त्या दुमडून ठेवतात, म्हणजे काढताना पेशंटला दुखत नाही. "रिमोटला काय दुखणार आहे, आई?" असं मी विचारलं, की म्हणतात, "हाताला सवय लागलीय गं."

गेले काही महिने त्यांनी एकच धोशा लावला होता. "ह्यांचं काही खरं नाही. आज गॅस चालू ठेवून निघून गेले. काल नळ सोडून ठेवला." बाबा म्हणायचे, "मी स्वयंपाकघरात गेलोच नव्हतो." मग जरा थांबून, "म्हणजे, मला तरी तसं आठवत नाही." या शेवटच्या वाक्याने त्यांचा घात केला. माझ्या नवऱ्याने डॉक्टरांची सोमवारची वेळ घेतली आणि किल्ली स्वतःच्या कपाटात ठेवली.

बाबा फक्त रोज सकाळी गाडी पुसत राहिले.

रविवारी नवऱ्याच्या डोक्यात काय आलं कोण जाणे. बाबांचा सैन्यातला अल्बम त्याने माळ्यावरून काढला आणि टेबलावर ठेवला. "बाबा, फोटो कुठे काढलेत ते बरोबर सांगा, किल्ली तुमची." म्हणाला हसत हसत, पण हसलं कुणी नाही.

अल्बम काळ्या जाड पानांचा. प्रत्येक फोटोखाली पांढऱ्या पेन्सिलने जागेचं नाव, बाबांच्याच अक्षरात. खऱ्या जागा लिहायची परवानगी नव्हती म्हणे, म्हणून तुकडीतल्या पोरांनी ठेवलेली नावं लिहिलेली: पांढरा घाट, कोरडी विहीर, मोडका पूल. नवऱ्याने नावावर तळहात ठेवला. पहिल्या फोटोत एक ट्रक होता आणि चहूकडे नुसतं पांढरंफटक.

"कोरडी विहीर," बाबा लगेच म्हणाले. "सगळी वाळू. पाणी टँकरने यायचं."

नवऱ्याने हात उचलला. खाली लिहिलं होतं, पांढरा घाट.

"बर्फ आहे हो बाबा," तो हळू आवाजात म्हणाला.

मी वाकून पाहिलं. फोटो कृष्णधवल. वाळू म्हणाल तर वाळू, बर्फ म्हणाल तर बर्फ. मला काही कळेना.

दुसऱ्या फोटोत तंबूपुढे चार जवान आणि मागे ट्रक. "पांढरा घाट," बाबा म्हणाले. "त्या दिवशी डिझेल गोठलं होतं. टाकीखाली शेगडी ठेवून बसलो होतो आम्ही, जीव मुठीत धरून." इतकं तपशीलवार सांगितल्यावर मला हायसं वाटलं. हात उचलला, तर खाली मोडका पूल. तिसरा चुकला. चौथाही. प्रत्येक वेळी बाबा आधी ठामपणे सांगायचे आणि मग आपल्याच अक्षराकडे बघत बसायचे. त्यांनी एका नावावरून बोट फिरवलं.

"अक्षर माझंच आहे," ते म्हणाले. "मग मी होतो कुठे?"

नवऱ्याचे डोळे भरून आले. फोन करायचाय असं पुटपुटत तो आतल्या खोलीत गेला.

मला मात्र राग आला होता. कुणाचा, ते सांगता येईना. मी पहिला फोटो पुन्हा जवळ ओढला. ट्रकची चाकं खाली चपटी दिसत होती.

"बाबा, टायरमधली हवा अशी गेलेली का?"

"गेलेली नाही, सोडलीय. वाळूत हवा कमी करावीच लागते, नाहीतर गाडी रुतते. बर्फात साखळ्या बांधतो."

इथे साखळ्या नव्हत्या. दुसऱ्या फोटोतल्या चाकांना होत्या. म्हणजे बाबा बरोबर होते आणि त्यांनीच लिहिलेला अल्बम चूक होता. हे कसं काय? मी फोटोच्या कडेला नख लावलं. फोटो अलगद निघून आला. मागे पांढरी चिकटपट्टी, नवीकोरी, आणि तिचं एक टोक दुमडलेलं.

मला आनंदाने ओरडावंसं वाटलं. जुने फोटो सुटले असतील, सासूबाईंनी जमतील तसे परत चिकटवले असतील, झालं! "आई, फोटो तुम्ही लावलेत ना हे?"

"मी?" त्या शेजारीच बसल्या होत्या. "मी कशाला लावू? त्या अल्बमला मी कधी हातसुद्धा लावलेला नाही. ह्यांनीच लावले असतील आणि विसरले असतील." बोलता बोलता त्यांनी माझ्या हातातला फोटो घेतला आणि सुटलेलं टोक परत नीट दुमडलं.

त्या खोटं बोलत नव्हत्या. हेच तर भयंकर होतं. गॅस चालू राहिलेला कुणी पाहिला होता? नळ? सगळं आम्हाला त्यांच्याच तोंडून कळलं होतं.

मी नवऱ्याला हाक मारायला तोंड उघडलं, तेवढ्यात बाबांनी माझं मनगट घट्ट धरलं. ते सासूबाईंच्या बोटांकडे बघत होते. नवरा बाहेर आला तेव्हा ते म्हणाले, "अल्बम बरोबर आहे. मीच विसरलोय. किल्ली राहू दे तुझ्याकडे."

"मी म्हणत नव्हते?" सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी बाबांच्या पाठीवरून हात फिरवला.

मी गॅरेजमध्ये जाऊन बाबांशी चक्क भांडले. "असं का केलंत? खरं काय ते तुम्हाला कळलंय ना?"

"तुला तपासायला नेतो म्हटलं तर येईल का ती? जन्मभर पेशंटना गोड बोलून सुई टोचलीय तिने. माझी तपासणी आहे म्हटलं की धावत येईल. डॉक्टरांना तू आधी फोन करून ठेव. तुझ्या नवऱ्याला संध्याकाळी सांगू." मग हातातल्या फडक्याला उगाच पीळ देत ते म्हणाले, "पट्टी पाहिली तेव्हा क्षणभर फार बरं वाटलं मला, पोरी. आपलं डोकं ठिकाणावर आहे म्हणून. लाज वाटतेय आता त्याची."

मी फोनमध्ये डॉक्टरांचा नंबर शोधायला लागले.

सोमवारी गाडी मी चालवली. ते दोघं मागे बसले, सासूबाईंच्या मांडीवर बाबांची फाइल. सिग्नलला थांबलो तेव्हा त्यांनी पुढे वाकून मला विचारलं, "आपण कुठे निघालोय गं?"

मी आरशात बाबांकडे पाहिलं.

"माझ्या तपासणीला," ते म्हणाले.

"हो, हो. तुम्ही घाबरू नका. मी आहे ना."

"तू आहेस म्हणूनच निघालो," बाबा म्हणाले.

सिग्नल सुटला. माझ्याकडून गिअर चुकला, गाडी केवढ्यांदा तरी करकरली, आणि उस्ताद काहीच बोलले नाहीत.