शिवीखाली काय मोडलंय

द्वारका चौकात ओझरच्या बसमध्ये एक तरुण माझ्या शेजारी येऊन बसला आणि बसल्याबसल्या मांडीवर लॅपटॉप उघडला. सहज नजर गेली, तर स्क्रीनवर इंग्रजीतल्या चक्क शिव्या! मी तोंड फिरवलं, तसा तो ओशाळून म्हणाला, "लिहीत नाय काकू, काढतोय."

जगात कुणीही फुकट वापरावा, कुणीही दुरुस्त करावा असा तो कॉम्प्युटरचा प्रोग्राम होता. करणाऱ्यांनी वैतागून ओळींच्या मध्ये मध्ये टिपा म्हणून शिव्या लिहून ठेवल्या होत्या. पण हा गडी शिवी दिसली की लगेच खोडत नव्हता. हनुवटी खाजवत आजूबाजूच्या ओळी वाचायचा, मग शिवी पुसून तिथे साधं वाक्य लिहायचा: तारीख रिकामी आली तर हे बंद पडतं.

"शिवीखाली काहीतरी मोडलेलं असतं," तो म्हणाला. "नुसती शिवी काढली तर ते कळणार कसं?"

मला भलतीच गंमत वाटली. मीही वाकून शिव्या शोधायला लागले. एका ओळीवर मात्र त्याचा हात थांबला.

"इथे काय मोडलंय?" मी विचारलं.

"काहीच नाय. ही ओळ एका नव्या मुलीनं दुरुस्त करून दिलेली. लय चांगली चालते. तिच्याच नावानं शिवी लिहिलीय."

"कुणी?"

"मी."

"मग ती?"

"परत नाय आली."

त्यानं शिवी पुसली. त्या जागी काय लिहायचं, ते त्याला ओझर येईपर्यंत सुचलं नाही.