सीटखालचा स्विच

दुपारचं जेवण अंगावर आलेलं असतं. जालिंदर गॅरेजचं शटर अर्धं खाली ओढतो आणि बाकावर आडवा होतो. पंख्याची घरघर लांब लांब जाते. डोळा लागतो न लागतो तोच शटरखालून दोन पाय आत येतात, अनवाणी, गुडघ्यापर्यंत वाळूनं माखलेले.

"जाल्या, ऊठ. गाडी चालू करून दे."

मच्छिंद्र. त्याचा थोरला भाऊ. नदीतली वाळू चोरणाऱ्यांना आडवा गेला म्हणून चौघांनी पहारींनी ठेचून मारला, त्याला आठ महिने झाले. डाव्या कानावर डोकं आत दबलेलं आहे, पण त्याचं त्याला काही वाटत नाही.

"दादा, तू गेलास ना?"

"जातो कुठनं? गाडीच चालू होईना."

पायाखालची फरशी भुसभुशीत लागते. शटर नाही, पंखा नाही. नदीचं कोरडं पात्र आहे आणि दादाची मोटारसायकल स्टँडवर उभी आहे. मच्छिंद्र त्याला मानगुटीला धरून सीटवर बसवतो, मुठीत चावी कोंबतो.

"लाव."

मागून चौघं चालत येतायत. त्यांना घाई नाही.

जालिंदरचा हात हँडलकडे जातो. मीटरशेजारच्या भोकात तो चावी घालतो, ती आत जात नाही. का जात नाही, हे जगात त्याला एकट्याला माहीत आहे. जुन्या स्विचच्या वायरी झिजल्या होत्या, गाडी वाटेतच बंद पडायची. म्हणून त्यानंच नवा स्विच सीटखाली, डाव्या अंगाला बसवला, आणि चोर फसावा म्हणून जुना नुसता जागेवर ठेवला. दादाला मारलं त्या दिवशी सकाळी विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघांचं भांडण झालं होतं. त्यानं गाडी बांधावर लावली, नवी चावी दादाच्या बाजेवर फेकली आणि एक शब्द न बोलता निघून आला.

पहिली पहार पाठीत बसते. दुसरीनं खांदा निखळतो. स्विच सीटखाली आहे हे ठाऊक असूनही त्याचा हात त्याच भोकात चावी दाबत राहतो.

"खाली हात घाल की," बाजूला उभा राहून मच्छिंद्र म्हणतो.

"जात नाही रे दादा. हात जात नाही."

"तुझा जाईना. मग माझा कसा जाणार होता?"

चौघं आता दिसत नाहीत. पहार दादाच्याच हातात आहे आणि हे घराचं अंगण आहे. शालनवहिनी तिथं झाडत असते. ती दोघांच्या मधून झाडत जाते, वर बघत नाही.

"हिला काय सांगितलंस?"

"तुला शेतातच घेरलं, म्हटलं. गाडीपर्यंत पोचलाच नाहीस."

"पोचलो होतो." मच्छिंद्र जवळ येतो. "हाडं मोडत होती तवर चावी दाबत होतो. मला वाटलं, सकाळच्या रागानं तू मुद्दाम भलतीच चावी दिलीस. तसं समजूनच मेलो मी."

"दादा, तसं नव्हतं—"

मच्छिंद्र पहार टाकून देतो आणि नुसत्या मुठीनं, सगळ्या जोरानिशी, त्याच्या जबड्यावर मारतो.

जालिंदर बाकावरून खाली पडलेला असतो. तोंड खारट झालंय. तो तळहातावर थुंकतो, तर रक्तात अर्धी दाढ. झोपेत दात आवळून मोडली असेल, असं तो स्वतःला सांगून बघतो. दाढेची कड धारदार आहे.

शटर वर सरकतं. शालनवहिनी चहा घेऊन आलेली असते.

"अहो भावजी, रक्त कसलं हे?" कप खाली ठेवून ती पदराचं टोक त्याच्या ओठांना लावते.

"वहिनी, दादा गाडीपर्यंत पोचला होता," जालिंदर म्हणतो. "स्विच मी हलवला होता. त्याला सांगितलं नव्हतं."

शालनचा हात तिथंच थांबतो. मग ती पदर काढून घेते.