गाणं कधी सुरू होणार?

आमचे हे ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवायचे. म्हणजे गणपतीत, लग्नात, गायक दम खातो तेवढ्या वेळात. ज्या संगीतकाराची सिनेमातली गाणी वाजवण्यात यांची जवानी गेली, त्याने गाण्यांशिवायही काही लिहून ठेवलंय, हे यांना परवापरवा यूट्यूबवर कळलं. दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो. गायक नाही, ढोलकी नाही. ऐकता ऐकता चहावर साय धरली तरी माणूस हलेना.

मग ऑर्केस्ट्रातले जुने तीन सवंगडी गोळा झाले आणि आमच्या इंदिरानगरच्या घरात तालमी सुरू झाल्या. मी नाव ठेवलं चांडाळचौकडी. दर रविवारी पोह्यांचा फडशा पडायचा आणि तोच तो तुकडा कुकरच्या शिट्टीशी भांडत वाजायचा. मी कांदा चिरता चिरता विचारायचे, "अहो, पण गाणं कधी सुरू होणार?"

एकदा यांनी गज खाली ठेवला. "अगं, जन्मभर मी वाजवत होतो आणि लोक गायकाची वाट बघत होते. एकदा तरी कुणी नुसतं ऐकावं, एवढीच हौस आहे."

मी यांच्या पोह्यांवर जरा जास्त खोबरं घातलं. पुढे तो तुकडा मला भांडी घासतानाही आठवायला लागला, पण हे यांना कशाला सांगा, लगेच डोक्यावर बसतात.

कार्यक्रम वाचनालयात झाला. फलकावर संगीतकाराचं नाव एवढं मोठं, की लोक फर्माइशीच्या चिठ्ठ्या घेऊन आले. यांचं हसं झालं असतं, तर मला सोसलं नसतं.

मधल्या संथ भागात एक जागा आहे, चौघांचे गज एकदम थांबतात. नेमकं तेव्हाच शेजारच्या बाईंनी मला कोपर मारलं. "गाणं कधी सुरू होणार हो?"

माझं माहेर सटाण्याचं, अहिराणी बोलणारं. नाशकात राहून भाषा सुधारली, पण राग आला की ती थेट माहेरी जाते.

"हाईच गानं शे! गुमान ऐक."

अख्ख्या हॉलने ऐकलं. यांनीही. पुढची सुरुवात यांचीच होती, आणि सगळ्यांना तालावरून झापणारा हा माणूस माझ्याकडे बघत गज उचलायचाच विसरला. बाकीचे तिघे थांबून राहिले. मग यांनी बाहीने डोळे पुसले आणि वाजवायला घेतलं. शेवटपर्यंत कुणी चुळबुळ केली नाही.

परतताना रिक्षात मी म्हटलं, "एन्ट्री चुकली तुमची."

"चुकणारच," हे म्हणाले. "जन्माची सवय. गायिका सुरू झाली की आपण थांबायचं."