दार वाजवण्याचा सराव

धुळ्याच्या त्या विशेष मुलांच्या वर्गात माझ्या मुलीला तीन वाक्यं शिकवायला सव्वा वर्ष लागलं. 'या, बसा.' 'पाणी घ्या.' आणि पाहुणा निघाला की, 'परत या हं.' बस्स. नऊ वर्षांची पोर, आणि आमची सगळी मरमर एवढ्यासाठी.

तेव्हा ऑटिझम हा शब्द आमच्या जळगावात कोणाला धड उच्चारता येत नव्हता. मुंबईच्या डॉक्टरांनी तो चिठ्ठीवर लिहून दिला आणि मोकळे झाले. नातेवाइकांकडे मात्र शब्दांची ददात नव्हती. वेडी म्हणा, मुकी म्हणा, बाहेरची बाधा म्हणा! नाकानं कांदे सोलणारी माझी नणंद शिरपूरहून आली की सांगायची, "वहिनी, पाहुण्यांसमोर हिला आणत जाऊ नका. मागच्या खोलीत बसवा." माझा जीव तिळतिळ तुटायचा. पोरीला चार माणसांत बसता यावं, एवढंच मला हवं होतं. म्हणून दर शनिवारी मी तिला एसटीनं धुळ्याला न्यायचे. ती कान दाबून किंचाळायची आणि सगळी गाडी माझ्याकडे बघायची.

वर्गातल्या बाई भल्या होत्या. म्हणायच्या, "तुम्ही मागून सांगता तोवर ते पाठांतर. ज्या दिवशी ती न सांगता, योग्य वेळी, समोरच्याकडे बघून बोलेल, त्या दिवशी मला पेढे आणा."

पण घरी सराव कोण घेणार? ह्यांना ऑफिसातून वेळ नाही. घेतला तो आबांनी, माझ्या सासऱ्यांनी. जन्मभर कापूस पिकवून म्हातारपणी आमच्याकडे जळगावच्या मेहरूण भागात येऊन राहिलेला माणूस. रोज चहा झाला की ते चपला घालून बाहेर जात आणि आपल्याच घराची कडी वाजवत. "कोनी शे का घरमा?"

ती दार उघडायची. मी मागून कुजबुजायचे, आणि ती भिंतीकडे बघत म्हणायची, 'या, बसा.' आबा पाहुण्यासारखे खुर्चीच्या कडेवर टेकत, तिच्या हातचं पाणी पीत आणि निघत. 'परत या हं' मात्र तिला काही केल्या जमेना. कधी ते बसायच्या आधीच म्हणे, कधी दार लागल्यावर. आबा पुन्हा बाहेर, पुन्हा कडी. दिवसातून दहा वेळा! म्हातारा घर विसरला, म्हणून शेजारी खिदळायचे.

"हसू द्या लोकेसले," आबा म्हणायचे. "पोर हुशार शे. तिले वेळ लागस."

तेवढा वेळ आबांना मिळाला नाही. एका सकाळी आंघोळ करून आले, छातीत कळ आली, संपलं. दुपारपर्यंत घर माणसांनी भरलं. नणंदेनं आल्या आल्या पोरीला मागच्या खोलीत बसवलं, आणि मीही काही बोलले नाही. अंगणातून तिरडी उचलली, बायकांनी टाहो फोडला, तेवढ्यात ही सगळ्यांच्या मधून वाट काढत उंबऱ्यावर आली. आबांच्या चेहऱ्याकडे सरळ बघत खणखणीत आवाजात म्हणाली,

"परत या हं, आबा."

रडणं बंद पडलं. खांदेकरी थबकले. "अरे देवा!" नणंद किंचाळली. "मडाले परत या म्हणस का कोनी?" अपशकुन झाला, जीव घरात अडकायचा, असं कोणी कोणी बोलू लागलं. सगळे माझ्याकडे बघत होते. आणि मी, तिची आई, मी सगळ्यांसमोर तिच्या थोबाडीत मारली.

तेरावं झाल्यावर एकटीच धुळ्याला गेले. बाईंना सगळं सांगितलं.

"तुम्ही मागून सांगितलं होतं का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"त्यांच्याकडे बघत होती?"

"हो."

बाईंनी पेला भरून माझ्यापुढे ठेवला. मग म्हणाल्या, "पाणी घ्या." मी पेला तसाच ठेवून उठले. जळो ती माणसं आणि जळो त्यांची रीतभात, म्हणून मी वर्षानुवर्षं बोटं मोडली. पण हात त्यांचा नव्हता, माझा होता.

त्यानंतर ती कोणालाच 'या' म्हणाली नाही. कडी वाजली की दोन्ही हात गालांवर ठेवून आपणहून मागच्या खोलीत जाऊन बसते.