बाबांच्या हाडाच्या कवड्या

१४ डिसेंबर, रविवार. आज आलापल्लीच्या घरी बाबांची तेरवी झाली.

बाबा प्राचीन चिनी कवड्या जमवायचे. तिकडे पूर्वी त्या पैसे म्हणून चालत. समुद्रातल्या कमी पडल्या की लोक हाडाच्या कोरत. बाबांचा जीव त्या हाडाच्यांवरच.

दुपारी पाहते तर कवड्यांचा डबा रिकामा. आत्याबाई म्हणाल्या, "चांगल्या कवड्या देवीच्या माळेले दिल्या. हाडं मागच्या नालीत फेकली. तेरवीच्या घरात हाडं कायले ठेवतं कोणी?"

"मला विचारायचं तरी!"

"तुले काय विचारू? तुह्या बापालेच समजत नव्हतं."

राग अजून जात नाही. माणूस गेला की त्याची आवडही विटाळ होते का? तुम्हीच सांगा.

पाहुणे गेलेत. चाळणी घेऊन मी नालीतला गाळ चाळायला निघाले आहे.