‘दिगू’ला ओ कोणी दिली?

मंडळी, भुताखेतांच्या बाबतीत मी अत्यंत निर्लज्ज माणूस. ऐन अमावास्येला स्मशानाच्या कठड्यावर बसून भेळ खाल्लीये, वर कांदा जास्तीचा मागून घेतलाय. आमच्या सिडकोतली भुतं मला बघून गल्ली बदलायची म्हणा ना! तेव्हा पुढचं वाचून "फेकतोय" म्हणायचं असेल तर भेळेबद्दल म्हणा. बाकीचं घडलेलं आहे.

दोन हजार तीन-चारचा द्राक्षांचा सीझन. पिंपळगाव बसवंतला हायवेलगत एका पॅकहाउसमध्ये मी फाइल सर्व्हर बसवत होतो. सगळ्या कॉम्प्युटरच्या फायली एकाच डब्यात. तिथली पद्धत अशी, की कॉम्प्युटरला त्यावर बसणाऱ्याचंच नाव. मंदा, सोपान, नाना. पण माणसं सारखी टेबलं बदलायची, आणि जाताना नावंही सोबत न्यायची! कुठलं नाव कुठल्या पत्त्यावर हे लिहून ठेवावं, तर दुसऱ्या दिवशी चुकलेलं. शेवटी मी सर्व्हरला सांगितलं — लिहून ठेवूच नकोस. भर नेटवर्कात हाक मार, "मंदा कोण?" ज्याचं नाव, तो ओ देईल.

जीव मात्र माझा घरी अडकलेला. आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यानं आधीपासूनच दिसत नव्हतं. घरात एकटी. त्यात मागच्या दाराबाहेर पाण्याच्या टाकीसाठी पुरुषभर खड्डा खणलेला, उघडा. "काही झालं तरी मागं जायचं नाही," असं तिला दहादा बजावून निघालो होतो.

"इंजिनियर, झालं का नाय? लय येळ लावला राव!" मालक नाना बाहेरून ओरडले.

मी एकेक नाव टाकून बघत होतो. मंदानं ओ दिली, सोपाननं दिली. शेजारी उभी असलेली ऑपरेटर मंदा भारी आगाऊ. "सर, आमचीच नावं काय टाकताय? तुमचं टाका की. बघू कोण ओ देतं!"

"माझं मशीनच नाही इथं."

"मग घाबरता कशाला?"

मला घाबरता म्हणते! टाकलं — digu. दिगंबर टाइप करायचा कंटाळा, आणि आई मला दिगूच म्हणते.

उत्तर आलं.

एक ओळ, दुसरी, तिसरी... स्क्रीनवर ओळी सरकत राहिल्या. जो पत्ता दिसत होता, तो आमच्या नेटवर्कात मी कुणालाच दिलेला नव्हता.

"मंदाताई, चावटपणा पुरे."

"आईशप्पथ सर, मी हातबी नाय लावला."

मी उठलो आणि सगळे कॉम्प्युटर जोडणाऱ्या डबीतल्या, म्हणजे स्विचमधल्या, सगळ्या केबली उपटल्या. शेवटी सर्व्हरचीही. आता तो एकटा, कुणाशीच जोडलेला नाही. म्हणजे ओसाड माळावर उभं राहून स्वतःचंच नाव घ्यावं, तसं. आणि digu ओ देतच होता... मंदा भिंतीला चिकटली. माझी जीभ टाळूला.

आईच्या डोळ्यात थेंब घालायची वेळ झालेली. आठवण करायची म्हणून — खरं तर कुणाचा तरी आवाज ऐकायचा म्हणून — टेबलावरच्या फोनवरून घरचा नंबर लावला.

"हॅलो आई, मी दिगू."

ती म्हणाली, "असं कसं? तू तर मागं आहेस ना? मघापासनं हाका मारतेय, ओ देतोयस की तू. मी निघालेच होते तिकडं, तेवढ्यात हा फोन वाजला."

अंगातलं रक्त पायाच्या अंगठ्यातून वाहून गेलं हो!

"आई, हलू नकोस! तिथंच खाली बस! मी पिंपळगावला आहे!"

"अरे, तो बघ, परत 'ओ' म्हणाला..."

मी सर्व्हरच्या वायरला हिसडा दिला. बोर्डासकट भिंतीतून बाहेर. स्क्रीन काळा.

फोनमध्ये आईचा श्वास तेवढा ऐकू येत होता. मग हळूच म्हणाली, "गप्प झाला रे."

मोटारसायकल अशी हाणली की वाटेतल्या ओझरच्या कारखान्याची विमानं माझ्या मागं राहिली असतील. घरी आलो तर आई फोनपाशी फरशीवर बसलेली, रिसीव्हर दोन्ही हातांत घट्ट. मागचं दार सताड उघडं. ते कोणी उघडलं, तिला माहीत नाही. मी आधी तिच्या पायांना हात लावून बघितला, कोरडे आहेत ना, माती नाही ना... आणि लहान पोरासारखा रडलो.

"आई, त्याचं सोडून माझं कसं ऐकलंस? आवाज तर माझाच होता ना?"

"तुझाच. अगदी तुझाच. पण मी म्हटलं, आत ये, थेंब घाल. तर म्हणाला, तूच ये." तिनं चाचपडत माझं तोंड शोधलं. "पट्टी बांधलेल्या आईला तू 'तूच ये' म्हणशील होय रे?"

सर्व्हरचं काय ते मित्रांनी मला समजावलंय. जुना पत्ता मेमरीत राहतो, स्वतःच स्वतःला उत्तर देतो वगैरे. असेल बुवा. पण आमच्या घरी तेव्हा कॉम्प्युटर नव्हता. मागच्या दाराची कडी आतून लावलेली होती, ती मी स्वतः लावली होती.

आईला आता चष्म्यानं छान दिसतं. अजून "दिगू" म्हणून हाक मारते. मी ओ देत नाही. हातातलं टाकून उठतो आणि तिच्या समोर जाऊन उभा राहतो.